नागपुरात 108 ला फोन केल्यावर रुग्णवाहिका लवकर पोहोचावी म्हणून काय करता येतं?

दोन वर्षांपूर्वी रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आम्ही मानेवाड्याकडे राहतो. 108 ची गाडी रस्त्याला लागली होती, पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात. चूक आमचीच. मी पत्ता सांगितला ले-आउटचं, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीचं, नाव आणि प्लॉट नंबर. आता आपल्याकडचे ले-आउट तुम्हाला माहीतच आहेत, एकाच नावाचे दोन-तीन सापडतात आणि 42 च्या शेजारी 17 नंबरचा प्लॉट निघतो.

त्यात 108 चा फोन नागपुरात नाही, पुण्यातल्या कक्षात उचलला जातो. तिथल्या माणसाला बेसा-मानेवाडा कुठून ठाऊक असणार? म्हणून आधी मोठा चौक सांगा, मग जवळचं मंदिर किंवा शाळा, प्लॉट नंबर शेवटी. फोन आपणहून ठेवू नका आणि नंतर तोच नंबर मोकळा ठेवा. आमच्या घरी मी प्रत्येक मावशीला खबर देत बसलो होतो आणि ड्रायव्हरला फोन एंगेज लागत होता.

एक जण चौकात उभा करा. माझा भाऊ गेला, मोबाइलचा टॉर्च हलवत, तरी गाडी समोरून निघून गेली. "भाऊ, मांगं चला!" म्हणत तो पळाला. घरातल्या दुसऱ्याने तोवर गेट उघडावं, गल्लीतली आडवी लावलेली गाडी काढायला लावावी, कुत्रा बांधावा. आमच्या जिन्यात स्ट्रेचर वळेना, शेवटी बाबांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं.

फोनवर माणूस शुद्धीवर आहे का आणि श्वास घेतोय का, हे पहिल्या वाक्यातच सांगा. शुद्ध नसेल आणि श्वास बंद असेल किंवा नुसत्या आचक्या लागत असतील, तर गाडीची वाट बघत बसू नका. छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, किमान 5 सेंटिमीटर खोल दाबत राहा. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांतच इजा सुरू होते, तेवढ्यात गाडी कुठलीही येत नाही.

बरेच जण म्हणतात, थांबायचं कशाला, गाडीवर मधे बसवून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, नेऊ. छातीत दुखणाऱ्याला किंवा मानेला मार लागलेल्याला दुचाकीवर नेऊ नका. आपल्या 108 च्या गाडीत डॉक्टर असतो, उपचार दारातच सुरू होतात आणि पैसे लागत नाहीत. तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, म्हणजे लकव्याची शंका आली, तर मात्र लक्षण कधी दिसलं ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

बाबा बरे आहेत. गेटवर प्लॉट नंबर आता रेडियमच्या पट्टीत आहे. त्यांनीच चिकटवला, थोडा वाकडा.