देश माणसं असते, तर स्वतःची भाषा जाताना त्यांना काय वाटलं असतं?

बहुतेकांना जाताना काहीच वाटलं नसतं. चुटपुट लागली असती ती नंतर. असं म्हणायचं कारण बडोद्यात रोज दिसतं: इथल्या कितीतरी मराठी घरांत आजी मराठीत विचारते, नातू गुजरातीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही बिघडलंय असं वाटत नाही.

सगळ्यात खोल दुखणं आयर्लंडचं. १८४५ नंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली, आणि त्यांत आयरिश बोलणारे गरीब फार होते. मागे राहिलेल्या अनेकांनी पोरांशी इंग्रजीच धरली, कारण बोटीने अमेरिकेला गेल्यावर तीच कामी येणार. म्हणजे या माणसाला स्वतःची भाषा चांगली येत होती, फक्त पोरांसमोर तो ती बोलेना. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिल्या राजभाषेचा मान दिला, पण तोवर बहुतेक घरांत इंग्रजी मुरली होती.

तुर्कस्तानची तऱ्हा निराळी. १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन आली. बोलणं तेच, पण पुढच्या पिढीला आजोबांची पत्रं वाचता येईनात. (मोडी न येणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.)

मात्र देशाला एकच माणूस धरलं की एक गोष्ट निसटते: भाषा सगळीकडून एकदम जात नाही. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या काही गावांत आयरिश आजही घरात बोलतात.