झॅपचा पहिला अल्बम: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हॅमिल्टन नावाचं गाव आहे. तिथल्या ट्राउटमन भावांचा फंक (ठेक्यावर उभं असलेलं नाचाचं संगीत) वाजवणारा बँड म्हणजे झॅप. बँडच्याच नावाचा त्यांचा पहिला अल्बम वॉर्नर ब्रदर्सने २८ जुलै १९८० रोजी बाजारात आणला. एकूण सहा गाणी, दोन्ही बाजूंना तीन-तीन. या अल्बमबद्दल आणि त्यातल्या त्या चमत्कारिक ‘बोलणाऱ्या’ आवाजाबद्दल आलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: ‘मोअर बाउन्स टु द औन्स’ हे पहिलं गाणं नऊ मिनिटांहून मोठं आहे आणि सगळा वेळ एकाच जागी घुटमळतं. लोक त्यावर एवढे का भाळतात?

एकाच जागी घुटमळतं, हे अगदी बरोबर. ते मुद्दामच तसं बांधलंय. अल्बमची निर्मिती या भावांपैकी रॉजर ट्राउटमन आणि फंकमधले बासवादक बूट्सी कॉलिन्स यांनी केली, ध्वनिमुद्रण डेट्रॉइटच्या युनायटेड साउंड स्टुडिओत झालं. ‘फंकी बाउन्स’ या गाण्याचा कच्चा मसुदा ऐकून ‘पार्लमेंट-फंकाडेलिक’ या फंक समूहाचे प्रमुख जॉर्ज क्लिंटन यांनी सुचवलं, की यातला एक तुकडा कापा आणि तोच फिरवत ठेवा. त्या फिरत्या तुकड्यावर ‘मोअर बाउन्स’ उभं राहिलं. ‘फंकी बाउन्स’ दुसऱ्या बाजूला पहिलंच आहे. दोन्ही लागोपाठ ऐका, नातं लगेच कानात येईल.

तेव्हा ‘लूप’, म्हणजे असा फिरता तुकडा, ही हातात धरता येणारी वस्तू होती: टोकं जोडलेली टेपची पट्टी. गाण्याची लय मिनिटाला १०५ ठोक्यांच्या आसपास आहे. म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन साधारण २.३ सेकंदांचं. टेप सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने धावत असेल, तर एका आवर्तनाला सुमारे ८७ सेंटिमीटर टेप लागते. चार आवर्तनं हवी असतील तर साडेतीन मीटर. वेग दुप्पट ठेवला की लांबीही दुप्पट. टेप तिरकी, ४५ अंशांत कापून जोडतात, म्हणजे सांधा यंत्राच्या टेप वाचणाऱ्या हेडवरून जाताना ‘टक’ असा आवाज येत नाही. काप ठोक्याच्या नेमक्या सुरुवातीला बसला नाही तर प्रत्येक फेरीत लय किंचित अडखळते. आणि एकदा अडखळली की नऊ मिनिटं अडखळतच राहते.

ऐकताना आधी फक्त बास धरा. तो किती वेळा गप्प बसतो ते मोजा. मग दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावरची टाळी धरा. टाळी मोठी आहे, जवळ आहे आणि तिच्याभोवती दुसरं काही नाही. गिटार तर चिमटा काढून बाजूला होते. जागा मोकळी सोडलीय म्हणूनच वरचा आवाज हवं तेव्हा येऊ शकतो, हवं तेव्हा जाऊ शकतो. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-साप्ताहिकाच्या सोल, म्हणजे कृष्णवर्णीय संगीताच्या, यादीत हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पण सर्वसाधारण ‘हॉट १००’ यादीत ८६ च्या वर चढलं नाही. त्यावरून तेव्हाच्या पॉप रेडिओबद्दल जे कळायचं ते कळतं.

प्रश्न: तो रोबोसारखा आवाज व्होकोडरचा ना?

नाही. तो टॉकबॉक्स आहे, आणि हा घोळ सगळीकडे चालतो. व्होकोडरमध्ये गायक माइकमध्ये खरोखर बोलतो. यंत्र त्या बोलण्याचे कंपनसंख्येनुसार पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्याचा चढउतार सिंथेसायझरच्या (थोडक्यात सिंथ, विजेवर स्वर तयार करणारं वाद्य) आवाजावर लादतं. तोंड आणि सिंथ यांची गाठ विजेच्या परिपथात पडते. टॉकबॉक्समध्ये सिंथचा आवाज एका छोट्या भोंग्याच्या ड्रायव्हरमधून प्लास्टिकच्या नळीत आणि नळीतून थेट वादकाच्या तोंडात जातो. वादक स्वतःचा आवाज काढतच नाही. ओठ, जीभ आणि जबडा हलवून तो त्या आवाजाला आकार देतो आणि समोरचा माइक ते टिपतो. इथे फिल्टरचं काम तोंडच करतं.

कानाने ओळखायचं असेल तर ‘स’, ‘श’, ‘ट’कडे लक्ष द्या. व्होकोडरमध्ये ही व्यंजनं करकरीत येतात, कारण बहुतेक व्होकोडर त्यांच्यासाठी वेगळा फुसफुस आवाज मिसळतात. टॉकबॉक्समध्ये ती बोथट होतात, पण स्वर ओले आणि जिवंत लागतात. रॉजर सुरुवातीच्या काळात मिनीमूग हा सिंथ वाजवत, आणि त्यावर एका वेळी एकच स्वर वाजतो. त्यामुळे त्या आवाजात एकाच वेळी अनेक स्वर हवे असतील तर एकेक स्वर वेगळा मुद्रित करून एकावर एक चढवावा लागतो. पुढे त्यांनी यामाहाचा १९८५चा डीएक्स१०० वापरला. छोट्या पट्ट्यांचा, स्वस्तातला सिंथ. आज टॉकबॉक्सवाले त्याच्या शोधात असतात ते रॉजर यांच्यामुळेच.

प्रश्न: मला तसा आवाज घरी काढायचा आहे. काय काय लागेल आणि कशात काय जोडायचं?

सिंथ, अँप्लिफायर, टॉकबॉक्स, नळी, माइक. जोडणी याच क्रमाने.

आधी अँप्लिफायर. साध्या, निष्क्रिय टॉकबॉक्सच्या आत फक्त ड्रायव्हर असतो, त्याला ताकद बाहेरून द्यावी लागते. २० ते ३० वॉट भरपूर झाले. अँपचा स्पीकरकडे जाणारा आउटपुट टॉकबॉक्सला द्या आणि अँपचा स्वतःचा स्पीकर बंद करा. तो चालू राहिला तर माइकमध्ये सिंथचा कोरा आवाजही घुसतो आणि शब्द त्याखाली गाडले जातात. ड्रायव्हर ८ ओहमचा आहे की १६चा, ते पाहूनच जोडा. अँपवर लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा कमी भार कधीही नको. व्हॉल्व्हचा अँप असेल तर आउटपुट मोकळा ठेवून तो चालू करू नका, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अँप अंगभूत असलेले टॉकबॉक्सही मिळतात. त्यांना सिंथ सरळ जोडायचा, त्यांच्यापुढे दुसरा पॉवर अँप लावायचा नाही.

ड्रायव्हर मरतो तो बहुतेक वेळा खर्जामुळे. त्यातला पडदा पातळ असतो आणि फार पुढेमागे हलण्यासाठी बनवलेलाच नसतो. अँपचं बासचं बटण जवळपास शून्यावर आणा. आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा. साधारण १३० ते ५०० हर्ट्झमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या ‘सी’च्या खालच्या आणि वरच्या सप्तकात वाजवा. याहून वर गेलात तर दुसरीच अडचण येते. मूळ स्वर उंच झाला की त्याचे उपस्वर (त्याच्यासोबत उमटणारे त्याहून उंच स्वर) एकमेकांपासून लांब पडतात, तोंडाला घडवायला मालच उरत नाही आणि ‘आ’ व ‘ओ’ सारखेच ऐकू येतात.

सिंथवर सॉटूथ लहर निवडा. तिच्यात सगळे उपस्वर असतात, साइन लहरीत एकही नसतो, त्यामुळे साइनवर तोंड कितीही वाकडं केलंत तरी काही फरक पडणार नाही. फिल्टर जवळजवळ पूर्ण उघडा, अटॅक शून्य (स्वर लगेच सुरू व्हावा), सस्टेन पूर्ण (बोट असेपर्यंत टिकावा), रिलीज अगदी आखूड (बोट उचलताच थांबावा). दोन ऑसिलेटर (स्वर तयार करणारे भाग) असतील तर दुसरा केसभर बेसूर करा, जास्त नको. रिव्हर्ब, कोरस सिंथवर लावू नका. काय लावायचं ते माइकनंतर. ग्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) थोडा ठेवा, पण पिच-बेंडचं चाक शिका. रॉजर यांच्या आवाजातलं ते गायकी लाडिकपण स्वराला खालून उचलून घेण्यातून येतं.

नळी पारदर्शक, अन्नपदार्थांसाठी चालणाऱ्या प्लास्टिकची घ्या, आतला व्यास १० ते १३ मिलिमीटर. ती टॉकबॉक्सच्या तोटीवर घट्ट बसायला हवी. फट राहिली तर आवाज तिथूनच निसटतो. लांबी दीड ते दोन मीटर पुरते, लांब नळीत तीव्र उपस्वर विरतात. माइकच्या स्टँडला ती चिकटपट्टीने बांधा आणि टोक माइकपुढे सात-आठ सेंटिमीटर येऊ द्या.

माइक डायनॅमिक, ओठांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. मिक्सरवर १५० हर्ट्झखालचं कापा, २ ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उचला, मग आवाजाचे चढउतार आवळणारा ४:१चा कॉम्प्रेसर. टॉकबॉक्सच्या डब्यातूनही बराच आवाज गळतो. तो फोम लावलेल्या खोक्यात ठेवा आणि माइकपासून जितका दूर जाईल तितका बरा. आपल्याकडे स्पीकर वळवून ऐकत असाल तर शिट्टी वाजणारच. हेडफोन वापरा.

प्रश्न: माझा टॉकबॉक्स चालू आहे, पण शब्द कळत नाहीत. ‘प’चा ‘ब’ होतो, ‘त’चा ‘द’ आणि ‘म’ तर येतच नाही.

तुमच्या यंत्रात बिघाड नाही. ‘प’ आणि ‘ब’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात. फरक इतकाच, की ‘प’च्या वेळी घशातला नाद क्षणभर थांबतो. टॉकबॉक्समध्ये नाद सिंथ पुरवतो आणि बोट पट्टीवर असेपर्यंत तो थांबत नाही, म्हणून ‘प’चा ‘ब’. उपाय बोटात आहे: ‘प’, ‘त’, ‘ट’, ‘क’ आले की त्या क्षणी बोट उचला आणि पुढच्या स्वरावर परत टेकवा. रिलीज आखूड ठेवा म्हटलं ते यासाठीच. हात आणि तोंड यांचा मेळ बसायला वेळ लागतो, आणि खरी मेहनत हीच आहे.

‘म’ आणि ‘न’साठी आवाज नाकातून यावा लागतो, माइक मात्र तोंडासमोर असतो. त्यामुळे ‘म’ अर्धाच पोचणार. ओठ मिटलेले थोडे जास्त वेळ धरा आणि पुढचा स्वर ठसठशीत उघडा, बाकी ऐकणाऱ्याचा कान भरून घेतो. ‘स’, ‘श’साठी खरा श्वास सोडा, पण नुसता श्वास, घशातून नाद नको. माइक जवळ असल्याने तेवढा पुरतो.

नळी जिभेच्या मधोमध असेल तर जीभच हलणार नाही. ती गालाच्या बाजूने, वरच्या दाढेजवळ, दोन-तीन सेंटिमीटर आत धरा. चावू नका. सुरुवातीला एकच स्वर धरून आ-ए-ई-ओ-ऊ, मग ‘या-या’, ‘वाव-वाव’, मग शब्द. सगळं नेहमीपेक्षा दुप्पट तोंड उघडून म्हणा, आरशासमोर हास्यास्पद दिसेल इतकं. दात झिणझिणू लागले किंवा कानात गुणगुण राहिली तर आवाज जास्त आहे, कमी करून विश्रांती घ्या. लाळ नळीतून खाली ड्रायव्हरपर्यंत उतरते, म्हणून वाजवून झालं की नळी काढून कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, टांगून पूर्ण वाळवा. दुसऱ्याची नळी तोंडात घालू नका.

प्रश्न: माझ्या जुन्या रेकॉर्डवर टाळ्या ‘फस्स’ करून फाटतात. रेकॉर्ड गेली का?

आधी सुईकडे बघा. टाळीसारखा तीव्र, अचानक आवाज खोबणीत फार बारीक नागमोड काढतो. सुईच्या टोकाला धुळीचा गोळा असेल किंवा टोक घासलं असेल तर ते त्यात बसत नाही. सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. मग सुई रेकॉर्डवर किती वजनाने टेकते ते तपासा. कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) कागदावर दिलेल्या मर्यादेत, वरच्या टोकाकडे ठेवा. हलकं वजन रेकॉर्ड वाचवतं हा गैरसमज आहे, हलकी सुई उड्या मारून खोबणीच्या भिंती फोडते. फक्त एका बाजूचा आवाज फाटत असेल तर अँटीस्केट (सुईला आत ओढणारा जोर तोलणारी सोय) बघा. बाजूच्या शेवटच्या गाण्यातच, म्हणजे ‘ब्रँड न्यू प्लेयर’ किंवा ‘कमिंग होम’मध्ये, त्रास जास्त असेल तर कार्ट्रिजचा कोन चुकलाय, आतल्या फेऱ्यांत ती चूक लपत नाही. एवढं करूनही टाळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच फाटत असेल तर मात्र खोबण झिजली आहे. ती परत येत नाही.

प्रश्न: याला सोल का म्हणतात? मला तर नुसतं नाचाचं संगीत ऐकू येतं.

‘बी ऑलराइट’ ऐका. जवळपास आठ मिनिटांचं, संथ, आणि माणसांचे एकत्र आवाज पुढे. यंत्र बाजूला झाल्यावर मागे चर्चमधल्या समूहगायनाचा वारसा स्पष्ट दिसतो. आमच्या मते अल्बममधलं सर्वांत सुंदर गाणं हेच, ‘मोअर बाउन्स’चा मान राखूनही.

प्रश्न: यातलं काहीतरी आधी कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.

हिपहॉपमध्ये. ईपीएमडीने १९८८ मध्ये ‘यू गॉट्स टु चिल’साठी ‘मोअर बाउन्स’ घेतलं, नोटोरियस बी.आय.जी. यांच्या १९९७च्या ‘गोइंग बॅक टु कॅली’खालीही तेच आहे. ‘बी ऑलराइट’ टुपॅक यांच्या १९९३च्या ‘कीप या हेड अप’मध्ये आहे. टुपॅक यांचंच ‘कॅलिफोर्निया लव्ह’ (१९९५) मात्र या अल्बममधून आलेलं नाही. त्यातला टॉकबॉक्स स्वतः रॉजर यांचा आहे, पण खालचा पियानोचा ठेका जो कॉकर यांच्या १९७२च्या ‘वुमन टु वुमन’मधला.

प्रश्न: यानंतर काय ऐकू?

रॉजर यांच्या नावावरचा १९८१चा ‘द मेनी फॅसेट्स ऑफ रॉजर’. त्यात ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ टॉकबॉक्सवर दहा मिनिटांहून जास्त ताणलंय, आणि नळीतून शब्द किती स्वच्छ निघू शकतात त्याचा हा उत्तम धडा आहे. मग १९८२चा ‘झॅप टू’, त्यातल्या ‘डान्स फ्लोअर’साठी. त्यानंतर सरळ १९८५च्या ‘द न्यू झॅप फोर यू’वर उडी मारलीत तरी चालेल. त्यातल्या ‘कॉम्प्युटर लव्ह’मध्ये शर्ली मर्डॉक आणि चार्ली विल्सन यांचे साधे आवाज टॉकबॉक्सच्या शेजारी उभे आहेत. हेडफोनवर ऐका आणि ‘म’ कोण कसा म्हणतंय तेवढंच धरा.