एका समीकरणाची मोटार

प्रश्न : सोलापुरात आमचे यंत्रमाग आहेत, टॉवेल काढतो. मुलगी इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागाच्या इंडक्शन मोटारचं सोपं, एका समीकरणाचं मॉडेल करून तिने प्रोजेक्ट दिला. परीक्षक म्हणाले, ‘फारच ढोबळ आहे.’ ती खचलीय. कोडिंग शिकून आयटीत जाते म्हणते. काय करावं?
– एक पालक

उत्तर : नमस्कार. आयटीत जायचं तर खुशाल जाऊ दे, पण या शेऱ्यापायी नको. ढोबळ म्हणजे चूक नव्हे. कशासाठी ढोबळ, ते तिने लिहिलं नसावं.

मोटारीचं नेहमीचं पूर्ण गणित पाच समीकरणांचं. स्टेटरच्या, म्हणजे स्थिर भागाच्या, फ्लक्सची (चुंबकीय प्रवाहाची) दोन, रोटरची, म्हणजे फिरत्या भागाची, दोन, वेगाचं एक. स्टेटरची गाळली की तीन उरतात, रोटरचीही गाळली की एकच. बटण दाबल्यावर माग किती वेळात वेग घेतो, एवढंच पाहायचं तर लहान मोटारीला ते एक बहुधा पुरतं. पण चालू होताना टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, काही क्षण सेकंदाला 50 हेलकावे खातो. स्टेटर गाळला की ते दिसतच नाहीत. शाफ्टची चावी (शाफ्टवर कप्पी घट्ट धरणारी पट्टी) का तुटली, हे शोधताना मग तुम्ही आंधळे.

औष्णिक केंद्रातल्या पंप-पंख्यांच्या अवाढव्य मोटारींत रोटरचा फ्लक्स सावकाश मावळतो. व्होल्टेज क्षणभर पडून परत आलं, तर तिथे एक समीकरण फसवतं. निदान तीन हवीत.

आणि पाच मांडली म्हणून आकडा बरोबर येतो, असंही नाही बरं का! मोटार 60 अंशांनी तापली की तांब्याचा रेझिस्टन्स सुमारे 24 टक्के वाढतो. रोटरच्या ॲल्युमिनियमचंही साधारण तेच. थंड मोटारीवरचा आकडा घातला तर स्लिप, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्रामागे रोटर जेवढा रेंगाळतो ते, कमीच येणार. परीक्षकांनी हे विचारलं असतं तर मला जास्त आवडलं असतं.

नवा प्रोजेक्ट नको. पाच, तीन आणि एका समीकरणाची तिन्ही मॉडेलं एकाच आलेखावर काढू दे, चौथी रेघ तुमच्या शेडमधल्या खऱ्या मोटारीची. नो-लोड (भाराविना) आणि ब्लॉक्ड रोटर (रोटर अडवून धरून) चाचण्या मात्र कॉलेजच्या लॅबमध्येच, शिक्षकांसमोर. समीकरणं सोडवणारा प्रोग्राम तिने पायथनमध्ये स्वतः लिहावा; कोडिंगची हौसही फिटेल. ड्राइव्ह (मोटारीचा वेग सांभाळणारी यंत्रणा) आणि ईव्हीच्या कामात रोटर फ्लक्सचं गणित रोजचंच. ग्रिडचा, म्हणजे वीजजाळ्याचा, अभ्यास करणारे तर असंख्य मोटारींसाठी मुद्दाम सोपं मॉडेल घेतात. गेट, म्हणजे एम.टेक. प्रवेशाची परीक्षा, द्यायची असेल, तर इलेक्ट्रिकलच्या पेपरात मशीन्स आहेतच.

शेडमधली मोजणी एकदा सकाळी थंड मोटारीवर, एकदा चार तास माग चालल्यावर. तेवढा अर्धा दिवस एक माग तिच्यासाठी सोडा.