चीनमध्ये छिंगमिंग सणाला लोक काय काय करतात आणि त्यामागे कुठल्या समजुती आहेत?

छिंगमिंग वसंत संपातानंतर साधारण १५ दिवसांनी म्हणजे ४-५ एप्रिलच्या आसपास येतो, आणि त्या दिवशी अख्खं कुटुंब पूर्वजांच्या कबरीवर जातं, गवत काढतं, झाडलोट करतं, फळं-जेवण-दारू ठेवतं आणि कागदी नोटा जाळतं, कारण जाळलेलं वरच्यांना पोचतं अशी श्रद्धा. आता तर कागदाचे मोबाईल, गाड्या, बंगलेपण जाळतात. आपल्या पितृपक्षाच्या जवळ जाणारं आहे, पण हे घराबाहेर, मोकळ्या हवेत आणि बरंचसं सहलीसारखं.

समजुती म्हणाल तर दाराला विलो नावाच्या झाडाची फांदी लावायची, म्हणजे भुतं आत येत नाहीत. पतंग उडवून मुद्दाम दोरा तोडायचा, म्हणजे आजारपण आणि वाईट नशीब त्याच्याबरोबर निघून जातं, मला ही प्रथा फार आवडते.

आदल्या दिवशी चूल न पेटवता थंड जेवायची जुनी रीत होती. त्याची कथा अशी की च्ये झ्त्वी नावाच्या माणसाने वनवासात भुकेल्या राजपुत्राला स्वतःच्या मांडीचं मांस खाऊ घातलं, पुढे राजा झाल्यावर तो याला विसरला, हा आईला घेऊन डोंगरात जाऊन राहिला, आणि नंतर राजाने याला तिथून बाहेर काढायला जंगल पेटवलं तर हा आईसकट जळून मेला, म्हणून आग बंद. पण थंडीत लहान मुलं, म्हातारी माणसं हाल काढायची म्हणून छाव छाव या सत्ताधारी सेनानीने इ.स. २०६ मध्ये यावर बंदी घातली होती.

शांघायकडे या दिवसांत छिंगत्वान खातात, चिकट तांदळाचे हिरवे गोळे, आत लाल चवळीसारख्या बियांचं गोड सारण. २००८ पासून चीनमध्ये सरकारी सुट्टीपण असते.