ब्रूस्टर विंडो : गवाक्ष, खिडकी की तिरपी काच?

प्रश्न असा : लेझरवरच्या लेखाचं भाषांतर करताना 'ब्रूस्टर विंडो'साठी 'ध्रुवीकृत प्रकाशाचे पारेषण करणारे गवाक्ष' असं लिहिलं, तर चालेल का?

हो म्हणायला जीभ रेटत नाही. गवाक्ष म्हटलं की वाड्याची नक्षीदार खिडकी डोळ्यांपुढे येते. ही तर लेझरच्या वायुनळीच्या टोकाला तिरपी बसवलेली साधी सपाट काच. प्रयोगशाळेत तिला विंडोच म्हणतात. तुम्हीही पहिल्यांदा 'ब्रूस्टर विंडो' लिहा आणि पुढे खुशाल 'तिरपी काच' म्हणा. 'पारेषण' विजेच्या तारांकडे राहू द्या. प्रकाश आरपार जातो.

पण खरी गोम पुढे आहे. तुमच्या वाक्यावरून वाटतं, प्रकाश आधीच ध्रुवित (एकाच दिशेत कंपणारा) आहे आणि काच त्याला फक्त वाट देते. नळीच्या बाहेर आरसे असलेल्या हेलियम-निऑन लेझरमध्ये मामला उलटा असतो. तिथे प्रकाश आरशांमध्ये पुन्हापुन्हा ये-जा करतो, दर वेळी या काचांतून. काच सरळ बसवली, तर दर पृष्ठभागाला सुमारे 4 टक्के प्रकाश परावर्तनात जातो. नळीतून एका फेरीत प्रकाशाची होणारी वाढ जेमतेम टक्का-दोन टक्के, म्हणजे दिवाळंच. काच ब्रूस्टर कोनात तिरपी केली, की आपतन प्रतलात (येणारा किरण आणि काचेवरचा लंब ज्यात असतात त्या प्रतलात) कंप पावणारा प्रकाश परावर्तन न होता पार होतो. त्याला काटकोनात कंपणारा मात्र दर पृष्ठभागाला साधारण 15 टक्के गमावतो आणि शर्यतीतून बाद होतो. उरतो तो ध्रुवित झोत. म्हणून लिहा : 'नळीच्या टोकांना ब्रूस्टर विंडो असल्याने झोत ध्रुवित निघतो.'

'ध्रुवीकृत' व्याकरणाने चुकीचा नाही, पण 'ध्रुवीकरण' आता मतदारांचंच जास्त होतं. प्रकाशाला 'ध्रुवण' आणि 'ध्रुवित' बरे. त्यातला ध्रुव मालूसचा. 19व्या शतकाच्या सुरुवातीला या फ्रेंच शास्त्रज्ञाने चुंबकासारखे ध्रुव प्रकाशकणांना असावेत असं मानून हे नाव दिलं. कल्पना मागे पडली, नाव चिकटलं. स्कॉटलंडच्या डेव्हिड ब्रूस्टरने कोनाचा नियम मांडला 1815 मध्ये : कोनाची टॅन्जंट म्हणजे काचेचा अपवर्तनांक (काच प्रकाश किती वाकवते ते सांगणारा आकडा).

आणि हो, '56 अंशांत कललेली' लिहिताना कोन स्तंभिकेपासून, म्हणजे पृष्ठभागावरच्या लंबापासून, मोजलाय हे सांगा, नाहीतर वाचक पृष्ठभागापासून मोजेल. शिवाय 56 हा साध्या काचेचा आकडा. कार्बन डायऑक्साइड लेझरला बऱ्याचदा झिंक सेलेनाइडची विंडो असते, तिथे तो 67च्या आसपास जातो.