हूक जरा पुढं घ्या की!

प्रश्न: मी सोलापूरचा. दोन मीटर पंखांचं रिमोटचं ग्लायडर बनवलंय. रबर-दोरीवर सोडलं की वर चढता चढता डावी-उजवीकडं डुलतं आणि एकदम आडवं होऊन खाली येतं, दोनदा नाक मोडलं. पंख वाकडे असतील का?

उत्तर: पंख बघून घ्या, पण मला संशय पोटाखालच्या हुकाचाच येतोय, दोरीची कडी ज्यात अडकवतो त्या. हूक बॅलन्स पॉइंटच्या (मॉडेल जिथं तोलून राहतं त्या जागेच्या) अगदी खाली किंवा मागं असला की असंच होतं, मॉडेल दोरीवर ताब्यात राहत नाही. आधी बॅटरी वगैरे आत ठेवून दोन बोटांवर तोलून पेन्सिलीनं खूण करा आणि हूक तिच्या ८-१० मिमी पुढं लावा. फार पुढं नेला तर उलटं, चढतच नाही, सपाट पळतं. सरळ चढायला लागलं की मग १-२ मिमी मागं घेत बघा, घाई नको, माझं एक मॉडेल त्या घाईतच गेलंय.

रबर मॉडेलच्या वजनाच्या तीन-चार पट ओढेल इतकंच ताणा, तेही साध्या ताणकाट्यानं मोजून. सोडताना वारा समोरून, पंख सपाट, नाक किंचित वर. आणि रबर बांधायची खुंटी! आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खुंटी उपटून रबरासकट अंगावर येते, म्हणून लांब सळई तिरकी ठोका. कडीला जुन्या सोलापुरी टॉवेलची लाल पट्टी बांधा, गवतात लगेच दिसते. होटगी रोडच्या विमानतळाकडं मात्र उडवू नका.