‘माझ्या गाडीला डेपो होता’

‘घरचे तयार नाहीत, पण मला ट्रकच चालवायचाय. काय करू?’ माझ्याकडे सल्ल्याला येऊन हे विचारणारा मुलगा बहुतेक वेळा विशी-पंचविशीतला असतो, शिकलेला असतो आणि घरच्यांना कसं पटवायचं याची एखादी युक्ती त्याला माझ्याकडून हवी असते. कराडच्या आसपास हा प्रश्न नवा नाही. हायवे गावाला चिकटून जातो आणि प्रत्येक भावकीत एखादा तरी ड्रायव्हर निघतोच. तरीही आपल्या पोराने स्टेअरिंग धरावं असं म्हणणारं घर मला क्वचितच भेटलंय. त्यातल्याच एका घराची ही गोष्ट. नाव-गाव बदललंय, आणि घरच्यांना विचारूनच लिहितेय.

प्रवीण चोवीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. एका फायनान्स कंपनीत वसुलीला होता. बचत गटातल्या बायकांच्या दारात सकाळी सकाळी जाऊन हप्त्यासाठी उभं राहायचं, हे त्याचं काम. ‘मॅडम, त्या बायका मला बघून दार लावून घेतात. माझ्या आईच्या वयाच्या आहेत,’ तो म्हणाला. ट्रकचं वेड लहानपणापासूनचं. चौदा चाकी, ट्रेलर, कुठल्या इंजिनाचा आवाज कसा, सगळं तोंडपाठ. घरचे जुन्या विचारांचे आहेत, एवढं सांगून त्याने विषय संपवला होता. जाता जाता कळलं की वडील, म्हणजे आबा, एसटीत ड्रायव्हर होते. पंचवीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली म्हणून त्यांचा सत्कारही झालाय.

ज्याला कामाची माहितीच नाही त्याचा विरोध एक. ज्याने आयुष्यभर तेच काम केलं त्याचा विरोध अगदी दुसरा. पहिल्याला माहिती देता येते. दुसऱ्याकडून ती घ्यावी लागते. प्रवीणने आबांना पहिल्या प्रकारात बसवून ठेवलं होतं आणि मोबाइलवरचे ट्रकचे व्हिडिओ दाखवत होता.

आणखी एक गाठ होती. ‘घरी नक्की काय मागितलंस?’ असं विचारल्यावर कळलं की त्याने नुसती ड्रायव्हर व्हायची परवानगी मागितली नव्हती. वीस गुंठे रान तारण ठेवून कर्जावर दहा चाकी घ्यायची होती. डाउन पेमेंट भरा, गाडी दारात, असं सांगणारा एजंट भेटला होता. म्हणजे घरच्यांनी ‘नाही’ म्हटलं ते दोन गोष्टींना मिळून, आणि याला वाटत होतं आपल्या स्वप्नालाच नकार मिळाला. माझं यावर मत ठाम आहे. गाडी चालवणं हा एक धंदा आणि गाडी पाळणं हा दुसरा. हप्ता, विमा, परमिट, फिटनेस, टायर, परतीचं भाडं मिळेपर्यंत उभी राहिलेली गाडी, हे सगळं मालकाच्या डोक्याला. ज्याने अजून ताडपत्रीचा रस्सा आवळला नाही त्याने त्यात पडूच नये. पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर काढायची, रानाचा विषय घरात पुन्हा काढायचा नाही, हे त्याने कबूल केलं तेव्हा घरातला निम्मा आवाज आपोआप खाली आला.

उरलेला निम्मा समजून घ्यायला त्याला एक काम दिलं. घरात कोण काय म्हणतं ते ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहून आण. आई: ‘ड्रायव्हरला पोरगी कोण देणार?’ पुण्याची ताई: ‘नाही ती व्यसनं लागतील.’ चुलते: ‘मग बी.कॉम. कशाला केलं?’ आबांच्या नावापुढे जागा मोकळी. ‘ते बोलतच नाहीत, उठून जातात.’ आता घरात जो उठून जातो त्याचंच आधी ऐकायला हवं, असा माझा अनुभव. आबांना बोलावलं.

आले तेव्हा पांढरा सदरा, टोपी, पाठ ताठ. मुलगा नालायक आहे असं एकदाही म्हणाले नाहीत. बराच वेळ माझ्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत बसले आणि मग एकदम सुरू झाले.

‘मॅडम, मी एसटीत होतो. गाडी बंद पडली तर डेपोला कळवायचं, वर्कशॉपची गाडी यायची. ड्युटी संपली की चावी दिली, घरी आलो. काय इपरीत झालं तर खातं होतं, युनियन होती. माझ्या गाडीला डेपो होता. ह्याच्या गाडीला कोण हाय?’

मग मुलाकडे वळून, ‘कुंभार्ली घाट उतरताना गाडी कुठल्या गिअरला टाकशील?’

प्रवीणने काहीतरी थर्ड, मग ब्रेक लावत लावत, असं सांगितलं. आबा हसलेही नाहीत. ‘ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतरायचं. ब्रेकवर घाट उतरलास की लायनर तापतात, मग पाय नुसता खाली जातो, गाडी थांबत न्हाई. आन् न्यूट्रलला टाक, डिझेल वाचतंय, असं सांगणारे तुला रस्त्यावर धा भेटतील. त्यातला एकबी तुझ्या आईला येऊन सांगणार न्हाई.’

कराड-चिपळूण वाट आबांनी पावसाळ्यातल्या धुक्यातही चालवलेली. पोराला हे त्यांनी आधी कधीच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर तो शिकेल, आणि शिकला तर जाईल. विरोधाला एक तर्क असतो तो असा. बाहेरून हट्ट दिसतो.

दुसरी भीती जमावाची. रस्त्यावर काही झालं की चूक कुणाचीही असो, मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला लोक खाली ओढतात. २०२४च्या जानेवारीत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध ड्रायव्हरांनी देशभर गाड्या उभ्या केल्या होत्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या, ते आबांच्या डोक्यात पक्कं होतं. त्या जुलैत भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोटार वाहन कायद्यात जखमीला दवाखान्यात न्यायची जबाबदारी ड्रायव्हरवर आहे, पण जमाव खवळल्यामुळे ते शक्य नसेल तर तशी सूटही आहे, आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावंच लागतं, हे मी दोघांना सांगितलं. जिवाला धोका असेल तर तिथून निघायचं आणि थेट पोलीस ठाणं गाठायचं. हे आधीपासून मनात ठरलेलं असलं की त्या क्षणी हातपाय गळत नाहीत. आबांची भीती यामुळे गेली नाही. पण त्यांनी पहिल्यांदा खिशातून कागद काढून काहीतरी लिहून घेतलं.

त्यानंतर आमची चर्चा ‘जाऊ का नको’ सोडून ‘कुणाच्या गाडीवर’ यावर आली, आणि तिथे आबांएवढं जाणकार माणूस मला शोधून सापडलं नसतं. मालकाला काय विचारायचं ते त्यांनीच सांगितलं, मी लिहीत गेले. नेमणुकीचा कागद देणार का. पगार ठरलेला की ट्रिपवर, आणि भत्ता वेगळा का. पीएफ भरतात का. उतरवताना माल कमी भरला तर कुणाच्या पगारातून कापून घेतात. लांबच्या लाइनला दोन ड्रायव्हर असतात का. वजनकाट्यावर जादा माल निघाला तर दंड कोण भरणार. शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा लिहायला लावला: रात्री दोन ते पाच गाडी उभी राहू देणार का? डुलकी लागते ती त्याच वेळात, आणि लागली हे ड्रायव्हरला कळत नाही. आठ तासांच्या कामाचा नियम १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून कागदावर आहे. रस्त्यावर किती जण पाळतात ते आबांना विचारायला नको.

लायसनची बाजू सोपी निघाली. कार चालवायचा परवाना त्याच्याकडे एकोणिसाव्या वर्षापासून होता. व्यावसायिक गाडीसाठी वय वीस पूर्ण लागतं आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जुना लागतो, दोन्ही होतं. पूर्वीची आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली, त्यामुळे शाळा सुटलेल्या मुलांनीही आता अडून राहायचं कारण नाही. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण, डॉक्टरचा दाखला, आरटीओची परीक्षा, झालं. दाखल्याच्या वेळी मात्र लपवालपवी करू नका. फिट येत असतील, चष्मा लावूनही नजर कमी असेल, तर हे काम तुमचं नाही, आणि ते घरच्यांपेक्षा डॉक्टरने सांगितलेलं बरं.

ताईच्या काळजीबद्दल एवढंच सांगते: प्रवीणच्या खिशात तंबाखूच्या माव्याची पुडी आधीपासून होती, आणि ती सवय ट्रकवर नाही, फायनान्सच्या ऑफिसात लागली होती. सोडायचा प्रयत्न मी तेव्हाच सुरू करायला लावला, कारण रात्रभर जागं राहायला म्हणून माणूस जे तोंडात टाकतो ते पुढे सुटत नाही.

आई जास्त कठीण होत्या. प्रवीणने त्यांना योगिता रघुवंशींची गोष्ट सांगितली. वकिलीचं शिक्षण घेतलेल्या या बाई नवरा गेल्यावर ट्रक चालवायला लागल्या, देशभर फिरल्या. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तिला गरज होती. तुला काय कमी हाय?’ असली उदाहरणं घरात कधीच चालत नाहीत. ती वाचून आपल्याला हुरूप येतो, आईला नाही.

लग्नाचा प्रश्न खोटा नव्हता. स्थळं बघताना ‘मुलगा काय करतो’ याला ‘ट्रकवर आहे’ हे उत्तर आजही जड जातं, आणि सगळं ठीक होईल असं मी त्यांना म्हटलं असतं तर ती थाप झाली असती. मी विचारलं, तुमचं कसं झालं? मग निघालं. आबांची वस्तीची गाडी. रात्री मुक्कामाला दुसऱ्याच गावी, सकाळची पहिली फेरी घेऊन परत. गौरी-गणपतीला गर्दी, म्हणून सुट्टी नाही. प्रवीण तापाने फणफणला होता तेव्हा आबा चिपळूणला, आणि फोन शेजारच्यांच्या घरी. ‘मी काढलं. पर येणाऱ्या पोरीनं का काढावं?’ हे वाक्य आबांनी शेजारी बसून ऐकलं. त्यांनाही ते नवीन असावं.

म्हणून एक अट आईंची म्हणून मान्य झाली: पहिल्या वर्षी लांबची लाइन नाही. न्हावा शेवा बंदरापर्यंत जाऊन माघारी येणारी गाडी बघायची.

सुरुवात त्याने क्लीनर म्हणून केली, तीही आबांच्या ओळखीच्या एका जुन्या ड्रायव्हरबरोबर. जो कुणी मला हा प्रश्न विचारतो त्याला मी हेच सांगते. नोकरी सोडण्याआधी, लायसनला पैसे भरण्याआधी एकदा केबिनमध्ये बसून जाऊन या. उन्हात तापलेला पत्रा, बंदराबाहेरची रांग, अंघोळीला जागा नाही, फळीवरची झोप. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे, पण तुमच्या वाट्याला येणारी पहिली गाडी जुनीच असणार. परत आल्यावरही जायचं असेल तर घरी बोलायला तुमच्याकडे काहीतरी असतं. आणि घरी एसटीतले आबा नसतील तर गावातल्या निवृत्त ड्रायव्हरला चहाला बोलवा. त्याने तुमच्या वडिलांसमोर या कामाला शिव्या घातल्या तरी चालेल. तुम्ही त्या ऐकून घेताय, हे वडिलांना दिसेल.

घर नको झालंय म्हणून रस्ता धरणारेही येतात. त्यांना मी एकच विचारते: उद्या वडील हो म्हणाले, तरी जाशील का? काही जण तिथेच गप्प होतात. प्रवीणने लगेच ‘परवाच्या गाडीने’ म्हणून सांगितलं होतं.

हेवीचं लायसन मिळाल्यावर तो पहिल्या मालकाकडे फार टिकला नाही. माल उतरवून न झोपता माघारी ये म्हणाले, याने गाडी टोलनाक्याच्या पुढे उभी केली आणि झोपला. भत्ता कापला. त्याने घरी फोन करून सांगितलं, आणि आबांनी दोन दिवसांत एसटीतल्या जुन्या दोस्ताच्या ओळखीने दुसरा मालक शोधून दिला. आधी स्वतः जाऊन तो प्रश्नांचा कागद त्या मालकाला वाचून दाखवून आले. परवानगी मात्र त्यांनी आजतागायत दिलेली नाही. पाहुण्यांत कुणी विचारलं तर ‘ट्रान्सपोर्टमध्ये आहे’ म्हणतात. लग्नाचं अजून जमलेलं नाही, आणि त्याबद्दल आईंचा राग प्रवीणवर नाही, माझ्यावर आहे.